कागद अजून कामात आहे

गिरगावात वर्तमानपत्र सकाळी साडेसहाला कडीत अडकवलेलं असतं आणि दहाच्या सुमारास वाचून संपतं. संपादकाचा त्याच्याशी असलेला संबंध तिथे सुटतो. मग त्याचा ताबा घरातल्या बाईकडे जातो आणि त्याची खरी नोकरी सुरू होते. आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपायची, पाहुणा आला की आठवा गॅलरीत जायचा, पण कागदाला गॅलरीत जावं लागल्याचं मला आठवत नाही. त्याला गादीखाली, ट्रंकेच्या तळाशी, कपाटावर, कुठेही जागा मिळे. "हे टाकू का?" असं विचारणारं माणूस घरात एकच असायचं, नुकतीच लग्न होऊन आलेली सून. दुसऱ्या दिवाळीपर्यंत तीही विचारायची थांबायची.

पेपरची पहिली नेमणूक फळीवर होत असे. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर पेपर अंथरायचा, त्याचा चार बोटं भाग पुढे लोंबता सोडायचा आणि कात्रीनं त्याला कंगोरे कापायचे, की झाली झालर. ज्यांची परिस्थिती जरा बरी ते वर प्लॅस्टिक घालत. फळ्यांचे पेपर दिवाळीच्या आधी बदलायचे असा नेम होता आणि या कामाला तास लागेल की दिवस, हे स्टुलावर कोण चढलंय त्यावर ठरे. आई चढली तर तासात काम उरके. वडील चढले तर वर्षभराच्या जुन्या बातम्या ते तिथेच उभ्यानं वाचत आणि खालून डबे देणारा माणूस हातात चणाडाळ घेऊन तिष्ठत राही. एक पान मात्र कधीच बदललं गेलं नाही. २६ जून १९८३. कपिलदेवच्या हातात विश्वचषक आहे आणि चषकावर गोडेतेलाच्या डब्याचं गोल कडं उमटलेलं आहे. आईनं ते पान काढायला घेतलं की वडील म्हणत, "असू दे, चांगलं आहे अजून." कागद चांगला आहे असं त्यांना म्हणायचं नव्हतं हे आईला कळत होतं. तरी ती दर वर्षी काढायला घ्यायचीच.

कुठलं पान कुठे घालायचं याचे नियम होते. देवाचा फोटो असलेलं पान चपलांच्या रॅकमध्ये चालत नाही, हे सांगावं लागत नसे. खरी पंचाईत निधनवार्तांच्या पानाची. ते धान्याखाली घालायचं नाही, अन्नाखाली अशुभ. चपलांखाली घालायचं नाही, गेलेल्या माणसावर पाय पडतो. गादीखाली तर नाहीच नाही. शेवटी ते पान खिडकीच्या काचा पुसायला जाई. ओल्या पेपरनं काच पुसली की फडक्यापेक्षा स्वच्छ निघते, हे कुणालाही विचारा. दिवंगतांनी आमच्या काचा वर्षानुवर्षं लख्ख ठेवल्या.

या भागाला कागदाची चणचण कधी भासली नाही याला भूगोलही कारण आहे. कांदेवाडीतला खाडिलकर रोड घ्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ साली काढलेल्या 'नवाकाळ'चं घर याच रस्त्यावर आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांची रांगही याच रस्त्यावर. म्हणजे देशाचं काय होणार आणि चिरंजीवांचं काय होणार, दोन्ही छापायची सोय एकाच ठिकाणी. यातला पहिला कागद पातळ, दुसरा जाड. पातळ कागद दहा वाजता कामाला लागतो. जाड कागदाला लग्न लागेपर्यंत थांबावं लागतं.

मे महिन्यात एका घरात पंधरा-वीस पत्रिका सहज जमत. पत्रिकेची मागची बाजू कोरी, पुठ्ठा टणक, कडेला सोनेरी रेघ. असला माल फुकट घरी येतोय म्हटल्यावर गिरगावकर काय सोडणार! तिची आहेराची पाकिटं व्हायची, पुस्तकातल्या खुणा व्हायच्या, कॅरमच्या बोर्डावरची पावडर गोळा करायचं सुपलं व्हायचं, लंगड्या टेबलाच्या पायाखालची घडी व्हायची. आमच्या शेजारच्या नानांनी कुणाच्या तरी पत्रिकेपासून त्याच कुटुंबातल्या पुढच्या लग्नाचं आहेराचं पाकीट बनवलं होतं. यजमानीणबाईंनी पाकीट उघडलं तर आतल्या बाजूनं त्यांच्याच थोरल्या मुलाचं नाव, आणि खाली 'कृपया आहेर आणू नये'. नानांनी सूचना निम्मी पाळली होती. पाकीट रिकामं नव्हतं, पण फार भरलेलंही नव्हतं.

पत्रिका कापण्यापूर्वी एक विधी करावा लागे. वरचा गणपती कापून बाजूला काढायचा. गणपती असलेल्या पुठ्ठ्यानं पावडर गोळा करणं शक्य नाही. हे कापलेले गणपती टाकताही येत नाहीत, म्हणून ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठत. आमच्या डब्यात उजव्या सोंडेचे, डाव्या सोंडेचे, पिंपळपानातले, नुसत्या दोन रेघांतले, चकचकीत, नक्षीदार असे शेकडो गणपती होते. कुठल्याही संग्रहालयाला हेवा वाटावा असा हा ऐवज अनंत चतुर्दशीला निर्माल्याबरोबर गिरगाव चौपाटीवर जायचा आणि डबा रिकामा होऊन परत यायचा. डबा विसर्जित करायचा प्रश्नच नव्हता. तो पत्र्याचा होता.

आता माझ्या मते या साऱ्या उद्योगातली सर्वांत उत्तम वस्तू सांगतो. रांगोळीचा ठिपक्यांचा कागद. बाजारात हल्ली प्लॅस्टिकची चाळण मिळते, तिला तो मान मी देणार नाही. पेपरचं अख्खं पान घ्यायचं. त्याच्या सारख्या घड्या घालायच्या, म्हणजे उलगडल्यावर चौकटी दिसतात. पान पाटावर पसरून एका हातानं ताणून धरायचं आणि जिथे दोन घड्या छेदतात तिथे पेटती उदबत्ती टेकवायची. फार दाबायची नाही. उदबत्ती टेकली की आधी पिवळट डाग पडतो, मग तो तपकिरी होतो, मग मधोमध जीव सुटल्यासारखा चिमुकला आवाज येऊन भोक पडतं आणि भोकाला काळपट किनार येते. ती किनार बोटानं चिमटून विझवायची, नाहीतर भोक वाढत जातं आणि पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी तिथेच संपते. माझ्या काकूचा यात हातखंडा. ती मजकूर पाहून भोकं पाडत नसे, अंतर पाहून पाडे. त्यामुळे कुणा मंत्र्याच्या बरोबर कपाळावर भोक पडायचं, कुणाच्या आश्वासनातला नेमका आकडा जळून जायचा, स्थळांच्या जाहिरातीत 'वर्ण गोरा'मधला 'गोरा' उडायचा आणि फक्त 'वर्ण' राहायचा. मग तो कागद गेरूनं सारवलेल्या उंबऱ्यापुढच्या तुकड्यावर ठेवायचा, वर रांगोळी भुरभुरवायची, तळहात फिरवायचा आणि कागद सरळ वर उचलायचा. खाली पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. असा एक कागद काकू तीन-चार दिवाळ्या वापरायची आणि चाळीतल्या बायका तो मागून न्यायच्या. परत करताना त्यात आणखी एखादं भोक वाढलेलं असे. त्यावरून चाळीत दोन भांडणं झालेली मला माहीत आहेत आणि त्यांतलं एक अजून मिटलेलं नाही.

पुडीबद्दल फार लिहायला नको, तो विषय सगळ्यांच्या तोंडी आहे. वाणी कागदाचा शंकू कसा वळायचा, वर दोरा कसा गरगर फिरवायचा, आणि तो दोरा आपण घरी आणून गुंडीला कसा गुंडाळायचो, हे प्रत्येक वडीलधाऱ्यानं प्रत्येक लहानग्याला सांगून झालं आहे. माझं लक्ष असायचं ते कागदी पिशव्या चिकटवणाऱ्यांकडे. लालबाग-परळच्या चाळींत दुपारची जेवणं झाली की बायका रद्दीचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसत. मैद्याची खळ शिजवलेली असे आणि झुरळांनी, उंदरांनी ती खाऊ नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलेलं असे. मोरचूद विषारी, म्हणून खळीचं भांडं वेगळं, आणि ते कुठल्याही पोराच्या हाताला लागू नये म्हणून इतक्या उंचावर ठेवलेलं की दुसऱ्या दिवशी ते काढायला पोरालाच खांद्यावर चढवावं लागे. कागदांची चळत पायरी-पायरीनं सरकवून मांडायची, म्हणजे खळीचा एकच फटकारा सगळ्यांच्या कडांना लागतो. मग घडी, तळाची दुमड, थाप. हात चालू आणि तोंडही चालू. शेकड्यावर पैसे मिळत, ते अर्थात कमीच. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि भोंगे वाजेनासे झाले. तेव्हा बायकांच्या असल्या हातकामांकडे 'फावल्या वेळातला चाळा' म्हणून बघणारे पुरुष गप्प बसून घड्या घालायला शिकले. चांगल्या घालत नसत. त्यांच्या पिशव्या बायका रात्री उकलून पुन्हा चिकटवायच्या.

पुढे प्लॅस्टिकची पिशवी आली आणि तिनं हा सगळा व्यवहार झोपवला. मग २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारनं तिच्यावर बंदी आणली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या खेपेला पाच हजार रुपये. दादरच्या बाजारात त्या आठवड्यात लोक कोथिंबिरीची जुडी रुमालात गुंडाळून नेत होते. कागदी पिशवी परत आली खरी, पण मधल्या काळात तिनं बरंच नाव कमावलं होतं. आता ती कोऱ्या तपकिरी कागदाची असते, तिला सुतळीचे बंद असतात, तिच्यावर झाडाचं चित्र असतं आणि तिचे दहा-वीस रुपये वेगळे लागतात. आत घेतलेली वस्तू कधीकधी तिच्यापेक्षा स्वस्त असते.

छापील कागदानं मात्र खाण्याच्या धंद्यात बदनामी ओढवून घेतली. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, शाई पोटात जाते, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये सांगितलं आणि २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं यावरून पहिल्यांदा काय झालं ते समजावं. सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. फक्त त्यानं एक वाचनप्रकार नाहीसा होतोय एवढीच नोंद करतो. वडापावचं तेल कागदात मुरलं की कागद पारदर्शक होतो आणि मागच्या पानावरची उलटी अक्षरं पुढच्या मजकुरात घुसतात. मग अर्थखात्याच्या बातमीत मध्येच बटाट्याच्या लागवडीचा सल्ला उमटतो आणि दोन्ही मिळून वाचलं तर जास्त पटतं. परळच्या एका गाडीवर मी रेल्वेच्या वेळापत्रकावर राशिभविष्य आलेलं वाचलं आहे. ८.१२ च्या गाडीला प्रवासात अडथळे होते. ते खरंही ठरलं.

पाठकोऱ्या कागदाचा विषय निघाला की गांधीजींचं नाव निघतंच. पाकिटं उलगडून, आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूवर ते लिहीत, हे जगजाहीर आहे. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत ते उतरत ते गावदेवीच्या लॅबर्नम रोडवरच्या मणिभवनात. ठाकूरद्वाराहून चालत जाण्यासारखं. आमच्या चाळीतले एक जुने गृहस्थ याबद्दल ठामपणे सांगत की ही सवय गांधीजींना गिरगावच्या सहवासानं लागली. इतिहासाला हे मान्य होणार नाही. पण हे गृहस्थ पोस्टकार्ड आलं की आधी त्यात जागा किती उरली आहे ते बघत आणि मग मजकूर वाचत, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन होतं. त्यांचा पाण्याच्या पाळीचा हिशोब, दुधाचा हिशोब आणि मुलीच्या बाळंतपणाचा खर्च असं सगळं एका वीजबिलाच्या पाठीवर मावलं होतं. बिल भरलेलं होतं की नाही हे मात्र त्यावरून समजत नसे.

'कालनिर्णय'चं पान हा तर स्वतंत्र खात्याचा विषय. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी हे कॅलेंडर काढलं आणि पानाच्या मागेही वाचायला मजकूर दिला. म्हणजे मागची बाजू कोरी मिळण्याची आशाच खुंटली. तरी कागद चांगला, त्यामुळे वर्ष सरलं की पोरांच्या वह्यांना कव्हरं घालायला ती पानं योग्य. पण एकही पान वेळेवर हाती लागत नसे. मार्चच्या चौकटीत सिलिंडर लावल्याची तारीख, जुलैत बाईच्या खाड्यांच्या फुल्या, ऑक्टोबरात कुणाचा तरी फोन नंबर आणि नाव नाही. नाव आठवेपर्यंत ऑक्टोबर फाडायचा नाही असं ठरे. माझं पाचवीतलं भूगोलाचं पुस्तक अकरा महिन्यांच्या तडजोडीनंतर फेब्रुवारीत गुंडाळलं गेलं, कारण त्यात अठ्ठावीसच दिवस होते आणि हिशोब कमी.

एवढ्या सगळ्यातून गाळून जो कागद उरे, त्याचा लगदा. रद्दी दोन-तीन दिवस भिजत घालायची, उखळात कुटायची, त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून मिसळायच्या आणि पालथ्या घागरीवर हा गोळा थापत न्यायचा. वाळला की घागर काढून घ्यायची, खाली टोपली तयार. मेथीनं चिकटपणा येतो आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. माझी आजी ही विद्या गावाहून घेऊन आली होती, पण चाळीत उखळ एकच, तेही तळमजल्यावर, त्यामुळे तिची टोपली हा सार्वजनिक कार्यक्रम व्हायचा. आठवडाभर जिन्यात मेथीचा वास. टोपलीत लसूण राहायची, सुपारी राहायची, आणि तिला पाणी लागू नये म्हणून घरातली सगळी माणसं जपायची. पुणेकरांनी १९४० साली हातकागदाची संस्था काढली. आमच्याकडे संस्था निघाली नाही, कारण अध्यक्ष कोण यावर तळमजला आणि दुसरा मजला यांचं जमलं नसतं.

याच लगद्याला लालबाग-परळच्या कार्यशाळांत देवपण मिळतं. रद्दी भिजवायची, दळायची, पिळून काढायची, त्यात व्हायटिंगची पूड आणि डिंक घालून कणकेइतकं घट्ट मळायचं आणि साच्यात पातळ थर दाबत जायचं. मूर्ती आतून पोकळ आणि वजनाला इतकी हलकी की नेताना चार माणसांपैकी दोघांना नुसतं 'मोरया' म्हणायचं काम उरतं. अडचण वाळण्याची. जून-जुलैच्या दमट हवेत कागद वाळायला तयार नसतो. मग पंखे लावा, हॅलोजन लावा, पुन्हा हात लावून बघा. एका कार्यशाळेत मी एक कारागीर लगद्यात हात घालून बसलेला पाहिला. बोटांना एक न भिजलेला तुकडा लागला तसा त्यानं तो बाहेर काढला, बघितला, म्हणाला, "शेअर बाजार आहे," आणि पुन्हा बुडवला. बाप्पाच्या पोटात सगळं मावतं, तो मावला.

हल्ली 'टाकाऊतून टिकाऊ' हा शाळेत गुण मिळण्याचा विषय झाला आहे. दादरच्या एका हॉलमध्ये त्याची शनिवार-रविवार शिबिरं असतात, फी भरून. पेपरच्या सळया वळायच्या, त्या एकमेकींत गुंफायच्या आणि टोपली करायची, हे तिथे शिकवतात. साहित्याची यादी देतात. ग्लू गन, तिच्या कांड्या, ॲक्रिलिक रंग, वॉर्निश, ब्रश तीन आकारांचे, सोनेरी लेस. यातलं टाकाऊ काय, तर फक्त पेपर, आणि नेमका तोच घरात नसतो. सगळे बातम्या मोबाइलवर वाचतात. भाचीला शाळेसाठी फुलदाणी करायची होती तेव्हा तिच्या इमारतीच्या वॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरला, 'कुणाकडे जुने पेपर आहेत का, अर्जंट.' सतरा मजल्यांतून एका पिझ्झाचा खोका मिळाला. ही इमारत एका गिरणीच्या जागेवर उभी आहे.

मग मामा म्हणून मी निघालो आणि लालबागच्या एका रद्दीच्या दुकानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा रद्दी विकायला नव्हे, विकत घ्यायला. तराजूच्या या बाजूनं दुकान फार वेगळं दिसतं. आपण विकायला नेतो तेव्हा कागद दमट असतो, वजनात कट लागतो, दिवाळी अंकांचं कव्हर 'वेगळं पडतं'. विकत घेताना तोच कागद एकदम कोरडा, निवडक आणि दुर्मिळ होतो.

"कुठली देऊ, साहेब? मराठी की इंग्लिश?"

"फरक काय?"

"इंग्लिशला भाव जास्त. कागद पांढरा येतो. कशाला पाहिजे?"

"भाचीच्या शाळेत फुलदाणी करायची आहे."

"शाळा इंग्लिश मीडियमची असेल ना? मग इंग्लिशच न्या. पोरीला कमीपणा नको."

त्याला सांगून टाकलं, मराठीच द्या, वळायला मऊ असते. तीन किलो सांगितली. त्यानं गठ्ठा पारड्यात टाकला, काटा थोडा वर राहिला म्हणून बाजूच्या ढिगातून एक जुना दिवाळी अंक ओढून वर ठेवला. काटा बरोबर मध्ये आला. तो सुतळी शोधेपर्यंत मी सहज अंक उघडला, एक कथा दिसली, पहिलं पान बरं होतं, म्हणून पान उलटलं. त्यानं सुतळी तशीच हातात धरली आणि अंक माझ्या हातातून अलगद काढून घेतला.

"वाचायचा असेल तर पुस्तकाचा भाव लागेल."